बाहेरच्या माणसाला हिंदू होता येतं का?

हा प्रश्न प्रामुख्याने तीन प्रकारची माणसं विचारतात. गीता, योग किंवा एखाद्या गुरूमुळे ओढला गेलेला परदेशी माणूस. हिंदू घरात लग्न होऊन येणारी किंवा येणारा. आणि ज्याचे पणजोबा-खापरपणजोबा हिंदू होते असा, परत येऊ पाहणारा. तिघांनाही दोनच साचेबंद उत्तरं मिळतात. एक, ‘हिंदू जन्मानेच असतो, होता येत नाही.’ दुसरं, ‘मनाने मानलंत ना, मग झालात.’ पहिलं उत्तर इतिहासात टिकत नाही आणि कायद्यातही टिकत नाही. दुसरं ऐकायला गोड आहे, पण ते माणसाला विवाह नोंदणी कार्यालयाच्या टेबलासमोर किंवा देवळाच्या दारात एकटं सोडतं.

माझं म्हणणं असं आहे की इथे तीन वेगवेगळी कामं आहेत: आचार-श्रद्धा, समाजाचा स्वीकार आणि कागद. एक झालं म्हणून दुसरं आपोआप होत नाही. प्रमाणपत्र हातात असून घरात कोणी विचारत नाही, किंवा तीस वर्षं एकादशी करून कागदावर धर्म जुनाच आहे, अशी गुंतागुंत या तीन गोष्टी एकच समजल्यामुळे होते.

आधी ‘होता येत नाही’ या समजाबद्दल. विदिशेजवळ बेसनगरला एक दगडी गरुडस्तंभ उभा आहे. तक्षशिलेच्या अंतिआल्किदास राजाचा ग्रीक राजदूत हेलिओडोरस याने तो वासुदेवासाठी उभारला आणि लेखात स्वतःला ‘भागवत’ म्हटलं. ही इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली गोष्ट. वैदिक आचारापासून दूर असलेल्यांना आत घेण्यासाठी तांड्य ब्राह्मण या वैदिक ग्रंथात व्रात्यस्तोम हा विधी सांगितला आहे. सिंधूच्या तीरावर बसलेल्या देवलांना ऋषी प्रश्न विचारतात तिथून देवलस्मृती सुरू होते, आणि तिचा विषयच हा: बळाने धर्म सोडावा लागलेल्यांना परत कसं घ्यायचं. किती काळ बाहेर काढला, काय खाल्लं, वय किती, यावर प्रायश्चित्त ठरतं. वाट बंद असती तर एवढे बारीक नियम कोणी केले नसते.

महाराष्ट्राला तर हे शिकवायला नको. नेताजी पालकर १६६७ मध्ये मुसलमान झाले, मुहम्मद कुलीखान या नावाने मोगलांच्या चाकरीत राहिले आणि १६७६ मध्ये शिवाजी महाराजांनी त्यांना परत घेतलं. फलटणच्या बजाजी निंबाळकरांची गोष्ट मला याहून मोलाची वाटते, कारण तिथे महाराज विधीवर थांबले नाहीत. बजाजींच्या मुलाला, महादजीला, त्यांनी आपली मुलगी सखुबाई दिली. प्रायश्चित्त ब्राह्मण देतात, पण पंगतीला कोण बसतं आणि मुलगी कोण देतं यावर स्वीकार ठरतो, हे महाराजांनी पुरतं ओळखलं होतं.

तीच अडचण अडीचशे वर्षांनी पुन्हा आली. इंदूरचे तुकोजीराव होळकर यांना अमेरिकन नॅन्सी मिलर यांच्याशी लग्न करायचं होतं. १९२८ मध्ये करवीर पीठाचे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी त्यांना हिंदू धर्मात घेतलं, शर्मिष्ठादेवी नाव दिलं, आणि त्यांना माहेर मिळावं म्हणून एका धनगर कुटुंबाने दत्तक घेतलं. विधीला पीठ होतं, तरी कुटुंब लागलंच. त्याच वर्षी गोव्यात मसुराश्रमाच्या मसूरकर महाराजांनी गावडा समाजातल्या हजारो ख्रिस्ती लोकांना परत आणलं. ते नवहिंदू गावडे म्हणवले गेले आणि पुढे कित्येक वर्षं एक वेगळा गट म्हणूनच राहिले. शुद्धी, म्हणजे धर्मात घेण्याचा विधी, झाली; रोटीबेटी लगेच झाली नाही. शुद्धीच्या चळवळीचा गौरव करताना ही बाजू झाकू नये.

याच्याशी जोडलेला नाजूक प्रश्न जातीचा. नव्याने येणाऱ्याची जात कोणती? विवेकानंदांना १८९९ मध्ये हेच विचारलं गेलं होतं. परत येणारे आपल्या मूळ जातीत जातील आणि नवे लोक आपली जात स्वतः घडवतील, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. आजचं व्यवहारातलं उत्तर सोपं आहे: नव्या माणसाला जात मिळत नाही आणि ती मागूही नये. अर्जात धर्म ‘हिंदू’ लिहावा, जातीचा रकाना मोकळा ठेवावा. संकल्पात गोत्र लागतं, तिथे गोत्र ठाऊक नसलेल्यांसाठी काश्यप गोत्र म्हणण्याची जुनी रीत आहे. वैष्णव दीक्षा घेतलेले अच्युतगोत्र सांगतात. पुरोहिताने नको तो घोळ घालू नये म्हणून हे आधीच ठरवून ठेवावं.

आता खरं काम. ‘हिंदू धर्म’ नावाची एक संस्था नाही, तिचं एक कार्यालय नाही, एक श्रद्धावाक्य नाही. त्यामुळे सर्वसाधारण हिंदू होता येत नाही. तुम्ही कुठल्या तरी परंपरेत येता, तिच्या देवाचे, तिच्या उपवासांचे, तिच्या माणसांचे होता. म्हणून पहिला निर्णय विधीचा नाही, परंपरेचा आहे, आणि बहुतेक लोक नेमका हाच टाळतात.

वारकरी पंथ घ्या. तिथे धर्मांतर नावाचा विधीच नाही. एखाद्या फडाच्या (वारकऱ्यांच्या गटाच्या) प्रमुखाकडून किंवा ज्येष्ठ वारकऱ्याकडून तुळशीची माळ घ्यायची. तिच्याबरोबर येणारी बंधनं मात्र पक्की: मांस आणि दारू बंद, एकादशीचा उपवास, रोज हरिपाठ, वर्षाला पंढरीची वारी, परस्त्री मातेसमान. श्रीगोंद्याचे शेख महंमद या परंपरेत संत म्हणून मान्य झाले ते मुसलमान असतानाच. ज्याला कागदाची गरज नाही आणि मराठी येते, त्याला याहून मोकळी वाट मला दिसत नाही.

इस्कॉनमध्ये पायऱ्या स्पष्ट असतात. मांस-मासे-अंडी, नशा, जुगार आणि विवाहबाह्य संबंध हे चार वर्ज्य. नशेत चहा-कॉफीही येते, इथे पुष्कळ जण अडतात. रोज १०८ मण्यांच्या माळेवर सोळा माळा, म्हणजे १७२८ वेळा ‘हरे कृष्ण’ महामंत्र. सराव झालेल्याला याला सुमारे दोन तास लागतात, नवख्याला तीन. निदान वर्षभर हे पाळून दाखवल्यावर हरिनामदीक्षा आणि नवं नाव मिळतं. गायत्रीची दुसरी दीक्षा नंतर. रामानुजांच्या परंपरेतल्या श्रीवैष्णवांत पंचसंस्कार होतात: तापवलेल्या मुद्रांनी उजव्या दंडावर चक्र आणि डाव्यावर शंख उमटवतात, मग ऊर्ध्वपुंड्र (उभा टिळा), दास्यनाम (देवाचा दास म्हणून नवं नाव), मंत्र आणि पूजेचा उपदेश. रामकृष्ण मठाच्या मंत्रदीक्षेला धर्म सोडण्याची अट नाही, त्यामुळे ‘दीक्षा घेतली म्हणजे हिंदू झालो’ असं तिच्या आधारावर कागदोपत्री म्हणता येत नाही. हवाई बेटांतल्या काउआईच्या शैव मठाची पद्धत सगळ्यांत कडक. आधी हिंदू समाजात प्रत्यक्ष राहणं-वावरणं, जुन्या आणि नव्या श्रद्धांची मुद्देसूद तुलना, जुन्या धर्मगुरूला भेटून आपण का जातो आहोत हे सांगणं आणि शक्य तर त्याचं पत्र घेणं, कायद्याने पूर्ण नाव बदलणं, मग नामकरण संस्कार आणि शेवटी वर्तमानपत्रात जाहीर निवेदन. मला यातली जुन्या धर्मगुरूला भेटण्याची पायरी फार प्रामाणिक वाटते. चोरून सोडलेला धर्म पुढे घरात भांडण होऊन परत येतो.

आर्य समाजाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण भारतात पुष्कळ लोक तिथे जातात. १८७५ मध्ये मुंबईत दयानंद सरस्वतींनी तो स्थापन केला आणि शुद्धीला संघटित रूप त्यानेच दिलं. काम पटकन होतं: अर्ज, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, छायाचित्रं, स्वेच्छेचं प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार, हवन, प्रमाणपत्र. पण आर्य समाज मूर्तिपूजा मानत नाही. तिथून शुद्धीपत्र घेऊन थेट गणपतीच्या आरतीला उभं राहणाऱ्याला हे बहुधा कोणी सांगितलेलंच नसतं. ज्याला वेदमंत्र, संध्या आणि अग्निहोत्र हाच धर्म हवा आहे त्याने तिथे मनापासून जावं. केवळ कागद पटकन मिळतो म्हणून जाणं मला दोघांशीही अप्रामाणिकपणाचं वाटतं, त्या समाजाशी आणि स्वतःशीही.

विधीआधी निदान एक पूर्ण वर्ष जाऊ द्यावं. वर्षच का, तर पंचांगाचा एक फेरा पूर्ण होतो. सणांच्या उत्साहात सगळेच हिंदू होतात. पितृपक्ष, सुतक, अमावास्या, उपवास या काळात माणूस टिकतो का ते वर्षभरात कळतं. रोज फार काही करू नये: सकाळी स्नानानंतर दिवा, एकाच इष्टदेवतेची पंचोपचार पूजा (गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य), एकच मंत्र, पाच-दहा मिनिटं वाचन. नव्या माणसाची नेहमीची चूक म्हणजे पहिल्याच महिन्यात देवघरात अठरा मूर्ती आणणं आणि तिसऱ्या महिन्यात दिवाही न लावणं. दुसरी चूक आहाराची. सगळे हिंदू शाकाहारी नाहीत. बंगाली, काश्मिरी आणि कोकणी घरांत मासे-मांस रोजचं आहे. तुमची परंपरा सांगत असेल तर सोडा, नाहीतर ती अट नाही.

प्रत्यक्ष विधी साधारण दीड-दोन तासांचा. आदल्या दिवशी हलका आहार, सकाळी उपाशी, स्नान करून धोतर किंवा साधी साडी. चामड्याचा पट्टा-पाकीट आणि जुन्या धर्माची चिन्हं बाजूला. आचमन, संकल्प, गणपतिपूजन, पुण्याहवाचन, प्रायश्चित्त, पंचगव्यप्राशन, होम, नामकरण, मंत्रोपदेश, आशीर्वाद असा पारंपरिक क्रम. परंपरेप्रमाणे यातलं काही गळतं. पंचगव्य म्हणजे गाईचं दूध, दही, तूप, गोमूत्र आणि शेण यांचं मिश्रण. ते पळीभरच घेतात. ज्याला ते जमणार नाही त्याने आधी सांगावं, बरेच पुरोहित तीर्थावर भागवतात. ऐन वेळी तोंड फिरवलं तर सगळ्यांचाच विरस होतो. लहान कुंडाला पाव किलो तूप, अर्धा किलो हवनसामग्री आणि दीड-दोन किलो समिधा पुरतात. समिधा वाळक्या हव्यात, ओल्या असल्या की धुराने नामकरणाचा मंत्रही नीट ऐकू येत नाही.

संकल्प हा विधीचा गाभा, कारण तिथे माणूस स्वतःच्या तोंडाने आपला हेतू सांगतो. तो न समजता पुरोहितामागून पुटपुटला जातो. आधी अर्थ स्वतःच्या भाषेत लिहून घ्यावा, विधीत संस्कृतानंतर तो मोठ्याने वाचावा. साक्षीदारांनाही मग आपण कशाचे साक्षीदार आहोत हे कळतं. आणि विधीनंतर सगळ्यांनी एका पंगतीत जेवावं, त्या माणसाने स्वतः वाढावं. यावर काटकसर करू नये.

प्रमाणपत्र घेताना तिथल्या तिथे तपासा: जुनं आणि नवं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, विधीची तारीख आणि ठिकाण, पुरोहिताचं नाव व सही, दोन साक्षीदारांची नावं, पत्ते आणि सह्या, छायाचित्रावर शिक्का, संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि रजिस्टरमधला अनुक्रमांक. नावाचं स्पेलिंग ओळखपत्राशी एका अक्षरानेही जुळलं नाही की पुढे प्रत्येक कार्यालयात त्याचा त्रास होतो.

कायदा काय म्हणतो? हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम २ मध्ये धर्म बदलून आलेली आणि परत आलेली व्यक्ती स्पष्टपणे ‘हिंदू’ धरली आहे. पेरुमल नाडार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शुद्धीसारखा औपचारिक विधी अनिवार्य नाही. खरा हेतू हवा आणि तो निःसंदिग्धपणे दाखवणारं आचरण हवं. म्हणजे न्यायालयासमोर वर्षभराचं वागणं हे प्रमाणपत्राइतकंच, कधी जास्तही, वजनदार ठरतं.

लग्नासाठी येणाऱ्यांनी तारखांचा क्रम पक्का लक्षात ठेवावा. हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न दोन हिंदूंमध्येच होतं. वधू किंवा वर त्या दिवशी अहिंदू असेल तर सप्तपदी झाली तरी लग्न वैध ठरत नाही; २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका हिंदू-ख्रिस्ती जोडप्याच्या प्रकरणात हेच सांगितलं. म्हणून आधी धर्मप्रवेश, मग लग्न. ‘लग्नानंतर बघू’ चालत नाही. आणि श्रद्धा नसेल, फक्त लग्नच करायचं असेल, तर धर्म बदलूच नये. विशेष विवाह कायदा १९५४ त्यासाठीच आहे: दोघांपैकी एकाचं जिल्ह्यात तीस दिवसांचं वास्तव्य, तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार. एक परिणाम आधी समजून घ्या. एकत्र कुटुंबातल्या हिंदूने या कायद्याखाली अहिंदूशी लग्न केलं तर तो त्या कुटुंबापासून विभक्त झाला असं मानलं जातं आणि वारशाला भारतीय वारसा कायदा १९२५ लागतो. वडिलोपार्जित जमीन असलेल्या घरांनी यावर वकिलाचा सल्ला घ्यावाच.

आणखी एक समज इथेच दुरुस्त करायला हवा: राज्यांचे धर्मांतरविषयक कायदे केवळ हिंदू धर्म सोडणाऱ्यांसाठी आहेत असं अनेकांना वाटतं. ते आत येणाऱ्यालाही लागू होतात. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात धर्म बदलणाऱ्याने ६० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला निवेदन द्यायचं, विधी करणाऱ्याने एक महिना आधी, विधीनंतर ६० दिवसांत पुन्हा निवेदन आणि त्यापुढे २१ दिवसांत प्रत्यक्ष हजेरी. आपल्या लगतच्या पूर्वीच्या धर्मात परतणाऱ्याला तिथे सूट आहे. गुजरात, मध्य प्रदेश, उत्तराखंड, हिमाचल अशा राज्यांचे नियम आपापले. हे कायदे सारखे बदलतात, तेव्हा जिथे विधी होणार त्या राज्याचा त्या दिवशीचा नियम पाहावा. या पायऱ्या चुकल्या तर शिक्षा होऊ शकते, आणि ती पुरोहितालाही होऊ शकते.

महाराष्ट्रात नाव आणि धर्म बदलाची नोंद राजपत्रात करता येते, शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे ऑनलाइन अर्ज करून. राजपत्राच्या दहा प्रती जपून ठेवा, कारण शाळा-कॉलेजची जुनी प्रमाणपत्रं जुन्याच नावाची राहतात आणि दोन्ही नावं एकाच माणसाची हे दाखवायला तोच पुरावा. परदेशी नागरिकाने नावबदल आपल्या देशात करावा. बऱ्याच देशांत धर्माची सरकारी नोंदच नसते, तिथे काही करायचं उरत नाही. इंडोनेशियात असते, आणि तिथल्या हिंदूंनी सुधी वदानी नावाचा नेमका विधी व प्रमाणपत्र ठरवून टाकलं आहे; परिषद हिंदू धर्म या संस्थेमार्फत ते मिळतं. आपल्याकडे एवढी स्पष्टता नाही, ती हवी असं मला मनापासून वाटतं. ज्या देशांत इस्लाम सोडणं गुन्हा आहे तिथल्या माणसाने मात्र कुठल्याही विधीची, छायाचित्राची घाई करू नये.

आरक्षणासाठी कोणी येत असेल तर ते सोडून द्यावं. अनुसूचित जातीचा लाभ परत मागणाऱ्याला मूळ जात, खरं पुनरागमन आणि त्या जातीने केलेला स्वीकार, तिन्ही सिद्ध करावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं. श्रद्धा नसताना केवळ लाभासाठी केलेलं धर्मांतर हा संविधानाशी केलेला कपटव्यवहार आहे, असं २०२४ मध्ये बजावलं.

देवळांचं उत्तर एकच नाही. पंढरपूरला कोणी धर्म विचारत नाही. साने गुरुजींच्या १९४७ च्या उपोषणाने विठ्ठलाचं दार दलितांना उघडलं, त्या मोकळेपणाची किंमत कोणीतरी मोजलेली आहे हे नव्या माणसाने जाणून घ्यावं. तिरुमलाला अहिंदूने श्रद्धेच्या निवेदनावर सही केली की दर्शन होतं. तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरातही असं निवेदन लागतं, आणि पुरुषांना मुंडू (केरळी धोतर). पुरीच्या जगन्नाथ मंदिरात मात्र दीक्षा घेतलेल्या पाश्चात्त्य भक्तांनाही आत सोडत नाहीत. हे मला खुपतं. ज्या देवाला जगाचा नाथ म्हणतो त्याच्या दारात सोळा माळा जपणाऱ्याला थांबवणं समर्थनीय नाही. तरी नव्या भक्ताने तिथे वाद घालू नये. रथयात्रेत जगन्नाथ स्वतः रस्त्यावर येतो आणि त्या दिवशी दर्शन सगळ्यांचं असतं.

उरतात घरातल्या गोष्टी. आईवडिलांचा धर्म वेगळा असला तरी त्यांचं तर्पण करता येतं. तिथी माहीत नसेल तर सर्वपित्री अमावास्येला, नाव घेऊन. धर्म बदलला म्हणून आईवडिलांच्या इस्टेटीतला हक्क आपोआप जात नाही, १८५० च्या कायद्याने तेवढं संरक्षण दिलं होतं. पण मृत्युपत्र मात्र नव्याने करावं. आणि अंत्यविधी कसा हवा हे दोन साक्षीदारांसमोर लिहून, त्याची प्रत घरी, गुरूकडे आणि एका मित्राकडे द्यावी. दहन की दफन यावर जुनं आणि नवं घर भांडत बसलं, असं अशा माणसांच्या बाबतीत वारंवार होतं, आणि त्या वेळी बोलायला तो स्वतः नसतो.